उजळाईवाडीच्या माळावरील धावपट्टी

कोल्हापूरचा इतिहास सांगावयास उभा राहिलेला वक्ता सहसा अंबाबाईच्या देवळापासून आरंभ करतो, तेथून पन्हाळा चढतो, करवीरच्या गादीचा वृत्तान्त सांगतो आणि शाहू महाराजांपाशी येऊन थांबतो. हा क्रम चुकीचा आहे असे आमचे म्हणणे नाही. परंतु गावाचे दैव ज्या गोष्टींनी घडते त्यांत रस्ता, रूळ, पूल आणि बंधारा यांचाही वाटा मोठा असतो, आणि त्यांचे बखरकार मात्र थोडे. आज आम्ही जो विषय घेतला आहे तो असाच उपेक्षित आहे. शहराच्या आग्नेयेस सुमारे 9 किलोमीटरवर, उजळाईवाडीच्या माळावर, जी धावपट्टी आहे तिची ही कथा. पाऊणशेहून अधिक वर्षांच्या या कथेत विमाने उडाल्याचा काळ थोडा आणि न उडाल्याचा काळ फार, हे आधीच सांगून ठेवलेले बरे.

विमान ही कल्पना आम्हां मराठी माणसांना नवी नव्हती. तुकोबांना न्यावयास आलेले विमान आमच्या प्रत्येक कीर्तनकाराने उतरविलेले आहे. त्या विमानाला धावपट्टी लागली नाही, वाऱ्याची दिशा पाहावी लागली नाही आणि पेट्रोलही लागले नाही. इहलोकीच्या विमानाचे तसे नसते. त्याला आधी जमीन लागते, आणि जमीन म्हटली की तेथे राजा आला, शेतकरी आला, सरकार आले.

टाटांच्या नियमित हवाई टपालाचा आरंभ 15 ऑक्टोबर 1932 रोजी झाला. त्या दिवशी जे. आर. डी. टाटा कराचीहून पस मॉथ जातीचे एक छोटे विमान घेऊन निघाले आणि अहमदाबादमार्गे मुंबईस जुहूच्या मैदानावर उतरले. तेथून नेव्हिल व्हिन्सेंट यांनी ते टपाल बल्लारीमार्गे मद्रासेस नेले. हे जुहूचे मैदान म्हणजे समुद्रकाठची मोकळी जागा. पावसाळ्यात तेथे चिखल होई आणि टाटांना आपला सारा पसारा पुण्यास हलवावा लागे. मुंबईसारख्या शहराची ही स्थिती होती. त्या काळी विमानतळ म्हणजे खडे वेचलेले, सपाट केलेले मैदान, वारा दाखविणारी कापडी पिशवी, इंधनाचे काही डबे आणि गुरे हाकलावयास एक माणूस, एवढाच सरंजाम असे. आजच्या विमानतळाचा खर्च मनात धरून त्या काळाकडे पाहिले तर संस्थानिकांच्या उत्साहाचा उलगडा होत नाही. मैदान करावयास फार लागत नव्हते, हौस मात्र लागत होती.

ही हौस अनेक संस्थानांत होती. जोधपूरच्या उम्मेदसिंह महाराजांना स्वतः विमान चालविण्याचा नाद होता आणि त्यांच्या राजधानीतला तळ त्या काळी नावाजलेला होता. निजामाच्या हैदराबादेत बेगमपेठ होते. काठेवाडच्या संस्थानांना मुंबईशी जोडणारी सेवा एअर सर्व्हिसेस ऑफ इंडिया या कंपनीने 1937 मध्ये सुरू केली. संस्थानिकांचा डामडौल म्हणून याची थट्टा करणे सोपे आहे, आणि डामडौल त्यात होताच. परंतु ज्या राजाला आपले राज्य मोठ्या प्रांतांच्या गर्दीत वेगळे दिसावे असे वाटत होते, त्याला स्वतःची आगगाडी, स्वतःचे कॉलेज आणि स्वतःचा विमानतळ ही सार्वभौमत्वाची जिवंत चिन्हे वाटत. तोफांच्या सलामीपेक्षा ही चिन्हे प्रजेच्या अधिक उपयोगाची होती, एवढे तरी श्रेय त्यांना द्यावयास हवे.

कोल्हापुरास या बाबतीत घरचीच परंपरा होती. मिरजेहून कोल्हापूरपर्यंतचा लोहमार्ग 1891 मध्ये सुरू झाला तो संस्थानच्या पुढाकाराने. मुख्य मार्ग कोल्हापूरला वळसा घालून गेला तेव्हा राजधानीने स्वतःहून एक हात पुढे करून तो पकडला. तथापि हा रूळ लहान मापाचा होता, पुण्याकडून मिरजेस येणारा मार्गही लहान मापाचाच, आणि म्हणून मुंबईस जाणाऱ्याला पुण्यात बोचकी उतरवून दुसऱ्या गाडीत चढवावी लागत. ही कटकट 1970 च्या सुमारास रूळ रुंद झाले तेव्हा संपली. राजाराम महाराजांच्या काळात मुंबईचा प्रवास म्हणजे पुरती रात्र आणि वर हमाली, असा हिशेब होता.

राजाराम महाराज 1922 मध्ये गादीवर आले. शाहू महाराजांसारख्या पित्यानंतर येणाऱ्या पुत्राच्या वाट्याला इतिहासात दोन ओळी येतात, आणि राजाराम महाराजांचे तसेच झाले. परंतु राजारामपुरी ही पेठ आणि कसबा बावड्याचा साखर कारखाना ही त्यांच्या कारकिर्दीतील कामे आजही पुसता येत नाहीत. शहराला उद्योगाचे वळण लागावे ही त्यांची दृष्टी होती. उजळाईवाडीचा विमानतळ याच मालिकेत बसतो. 5 जानेवारी 1939 रोजी त्याचे उद्घाटन झाले. त्या वेळी कोल्हापूरची वस्ती एक लाखाचीही नव्हती. दख्खनच्या संस्थानांचा ब्रिटिश रेसिडेंट येथे राहत असे, हेही ध्यानात घ्यावे. राज्यकारभाराच्या दृष्टीने कोल्हापूर हे एका भागाचे केंद्र होते, आणि केंद्राला शोभेल असे दळणवळण त्याला हवे होते.

जागेची निवड उत्तम होती. पंचगंगेच्या काठची काळी जमीन उसाला लागते आणि पावसाळ्यात पाण्याखालीही जाते. उजळाईवाडीचा माळ उंचावर आहे, समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर, आणि पाणी तेथे फार थांबत नाही. विमान नेहमी वाऱ्याला तोंड देऊन उतरते व चढते, म्हणून धावपट्टी त्या भागातील मुख्य वाऱ्याच्या रेषेत आखावी लागते. आमच्याकडे नैर्ऋत्येकडून आणि पश्चिमेकडून वारा येतो. उजळाईवाडीच्या धावपट्टीच्या दोन टोकांना 07 आणि 25 असे आकडे आहेत. प्रवासात ते पुष्कळांनी पाहिले असतील. ते अनुक्रमांक नव्हेत. होकायंत्रावरील अंशांना दहाने भागून आलेल्या त्या संख्या आहेत, म्हणजे धावपट्टी ढोबळमानाने पूर्व-पश्चिम पडली आहे. आमच्या शेतकऱ्याने मळणीचे खळे मांडताना जो विचार केला असता तोच विचार विमानतळ आखणाऱ्याने केला. वाऱ्याशी भांडून उफणणी होत नाही.

आता या कथेतील खेदाचा भाग येतो. विमानतळ सुरू झाला त्याच वर्षी सप्टेंबरात दुसरे महायुद्ध पेटले. नोव्हेंबर 1940 मध्ये राजाराम महाराज निवर्तले. त्यांच्यामागून अल्पवयीन वारस, मग दत्तक, मग स्वातंत्र्य, अशा घडामोडी झपाट्याने झाल्या. युद्धकाळात पोलंडमधील हजारो निर्वासितांना वळिवड्याच्या छावणीत आसरा मिळाला, म्हणजे जग कोल्हापूरच्या दारात आले, पण ते आगगाडीने आले. 1 मार्च 1949 रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले.

विलीनीकरण योग्यच होते. ते नसते तर बरे झाले असते असे म्हणणारा कोणी आज या मंडपात असेल असे आम्हांस वाटत नाही. परंतु त्याचा एक परिणाम नोंदविला पाहिजे. 28 फेब्रुवारीपर्यंत जे राजधानीचे शहर होते ते 1 मार्चला एका जिल्ह्याचे ठाणे झाले. राजधानीच्या विमानतळाला नफा-तोटा विचारला जात नाही, जिल्ह्याच्या विमानतळाला तो पहिल्या दिवसापासून विचारला जातो. उजळाईवाडीचा पुढचा सारा इतिहास या एका वाक्यातून निघतो असे आमचे मत आहे.

1953 मध्ये विमान कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाले. आठ खासगी कंपन्या एकत्र करून इंडियन एअरलाइन्स स्थापन झाली. काठेवाडला जाणारी एअर सर्व्हिसेस ऑफ इंडियाही त्यातच गेली. राष्ट्रीयीकरणाने लहान गावांचे नुकसान झाले असे काही लोक म्हणतात, पण खरे कारण यंत्रात होते. युद्धानंतर स्वस्तात मिळालेली डाकोटा विमाने कोठेही उतरत. गवत असो, मुरूम असो, आखूड पट्टी असो, डाकोटाची तक्रार नसे. पुढे व्हायकाउंट आले, मग कॅरॅव्हेल, मग बोइंग. प्रत्येक नवे विमान आधीच्यापेक्षा वेगवान, आणि प्रत्येकाला पट्टी अधिक लांब व अधिक पक्की लागे. विमाने सुधारत गेली तसतशी लहान गावे नकाशावरून गळत गेली. एस. टी. ने गाड्या मोठ्या केल्या म्हणून अरुंद रस्त्यावरचा थांबा बंद व्हावा, तसे हे झाले.

या तुटलेल्या गावांसाठी सरकारने 1981 मध्ये वायुदूत नावाची वेगळी संस्था काढली. मुळात ती ईशान्येकडील राज्यांसाठी होती, पण पुढे तिचा पसारा देशभर वाढला. कानपूरच्या सरकारी कारखान्यात बांधलेली 19 आसनांची डॉर्नियर विमाने तिच्यापाशी होती, आणि कोल्हापूरही तिच्या नकाशावर होते. उजळाईवाडीची धावपट्टी पक्की झालेली होती, तिची लांबी 1370 मीटर. वायुदूतचा हेतू चांगला होता. परंतु 19 उतारूंच्या तिकिटांवर दोन वैमानिक, इंधन, देखभाल आणि शंभराच्या आसपास ठाणी सांभाळणे हा व्यवहार जमणारा नव्हता. 1993 मध्ये ती इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाली आणि लहान गावांच्या नशिबी पुन्हा शांतता आली.

1994 मध्ये राष्ट्रीयीकरणाचा कायदा रद्द होऊन खासगी कंपन्यांना वाट मोकळी झाली. 2003 पासून स्वस्त तिकिटांचे पर्व आले. किंगफिशरची विमाने कोल्हापुरास येऊ लागली तेव्हा आम्हां कोल्हापूरकरांना वाटले की आता गाडी रुळावर आली. 2011 मध्ये ती सेवा थांबली आणि पुढच्या वर्षी ती कंपनीच जमिनीवर आली. त्यानंतरची सहासात वर्षे धावपट्टीचा उपयोग मंत्र्यांची, उद्योगपतींची आणि क्वचित शिकाऊ वैमानिकांची विमाने उतरविण्यापुरता होता. मध्यंतरी विमानतळ राज्याच्या औद्योगिक विकास महामंडळाकडून भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे गेला. हा कागदावरचा बदल फार महत्त्वाचा होता. ज्या यंत्रणेचे काम कारखान्यांना भूखंड देणे हे आहे तिच्या हाती धावपट्टी असणे, म्हणजे गिरणीवाल्याकडे गाय बांधण्यासारखे.

21 ऑक्टोबर 2016 रोजी केंद्र सरकारची 'उडान' ही योजना सुरू झाली. तिची रचना समजून घेण्याजोगी आहे. तासाभराच्या प्रवासाला विमानातील साधारण निम्म्या जागा 2500 रुपयांच्या आसपास विकावयाच्या, त्यामुळे कंपनीला येणारी तूट सरकारने भरून द्यावयाची. ही रक्कम मोठ्या शहरांमधील विमानफेऱ्यांवर कर बसवून उभी करावयाची, आणि थोडा वाटा राज्याने उचलावयाचा. इंधनावरील कर राज्याने जवळजवळ सोडून द्यावयाचा. थोडक्यात, मुंबई-दिल्लीच्या उतारूने कोल्हापूर-नांदेडच्या उतारूचे थोडे भाडे द्यावयाचे. योजनेच्या पहिल्या दिवशी, 27 एप्रिल 2017 रोजी, नांदेड-हैदराबाद हे विमान सुटले. कोल्हापूरला एक वर्ष थांबावे लागले. 22 एप्रिल 2018 रोजी मुंबईचे विमान उजळाईवाडीला उतरले, ते वीस आसनांच्या आतले. त्या सेवेत नियमितपणा राहिला नाही. तथापि वर्ष संपण्यापूर्वी हैदराबाद आणि बंगळूर ही शहरे जोडली गेली, आणि 2019 मध्ये तिरुपती.

या योजनेची मेख तिच्या मुदतीत आहे. सरकारी मदत तीन वर्षांची. तोपर्यंत मार्ग स्वतःच्या पायावर उभा राहिला तर ठीक, नाही तर कंपनी विमान दुसरीकडे नेते. कोल्हापुरात असे उभे राहिलेले मार्ग आहेत आणि बसलेलेही आहेत. बंगळूर-हैदराबादकडे धाव का, आणि मुंबईचे विमान एवढे अडखळते का, असा प्रश्न पुष्कळ विचारतात. मुंबईच्या विमानतळावरील दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी प्रत्यक्षात एकच चालते. तेथे विमान उतरविण्याची वेळ मिळणे म्हणजे पंढरीच्या वारीत गाभाऱ्यापर्यंत पोहोचणे. दोनशे उतारूंचे विमान आणि सत्तर उतारूंचे विमान यांना वेळ एकच लागते, मग सोयीची वेळ कोणाला मिळणार हे सांगावयास नको.

तिरुपतीविषयी थोडे अधिक बोलू. अंबाबाई आणि बालाजी यांचे नाते आपल्याकडे घरोघर ठाऊक आहे. नवरात्रात तिरुमलाच्या देवस्थानाकडून अंबाबाईला शालू येतो. कोल्हापूर-तिरुपती हरिप्रिया एक्सप्रेस या नात्यावरच चालते. विमान कंपनीच्या कचेरीत बसून आकडे मांडणाऱ्या कोण्या अधिकाऱ्याला हा मार्ग सुचला असेल, तर त्याने आकड्यांबरोबर पंचांगही पाहिले असावे. उद्योगाची वाहतूक आठवड्याच्या दिवसांना असते, भाविकांची शनिवार-रविवारी आणि सणाला. लहान विमानतळ चालावयाचा तर दोन्ही लागतात. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल येथील ओतकाम कारखान्यांचे गिऱ्हाईक परदेशातून येते तेव्हा त्याला पुण्याहून चार तास मोटारीत बसविणे कारखानदाराच्या जिवावर येते. त्याला रोज उडणारे विमान हवे असते. आठवड्यातून दोनदा उडणारे, आणि त्यातलेही एकदा रद्द होणारे विमान असले काय आणि नसले काय.

आता जमिनीचा प्रश्न. 1370 मीटरच्या पट्टीवर सत्तर आसनांचे पंख्याचे विमान उतरते, पण उजळाईवाडीची उंची आणि चैत्र-वैशाखातील ऊन यांमुळे हवा विरळ होते, पंखांना आधार कमी मिळतो, आणि पूर्ण भरलेले विमान उचलावयास पट्टी अपुरी पडते. मग जागा रिकाम्या ठेवाव्या लागतात, आणि रिकामी जागा म्हणजे तोटा. म्हणून पट्टी वाढविणे भाग होते. ती 1930 मीटरपर्यंत नेण्यात आली, आणि मोठी जेट विमाने पुऱ्या भाराने यावीत म्हणून 2300 मीटरची योजना आली. ऐकावयास हे साडेपाचशे-नऊशे मीटर थोडे वाटतात. प्रत्यक्षात पट्टीच्या टोकापलीकडे सुरक्षेची मोकळी जागा, दिव्यांची ओळ, दोन्ही बाजूंना पट्टा, आणि त्यापुढे विमानाच्या उतरत्या वाटेखालील घरे, झाडे, पाण्याच्या टाक्या व विजेचे मनोरे यांच्या उंचीवर बंधन, एवढा प्रपंच त्यातून उद्भवतो. मुडशिंगी, तामगाव, नेर्ली या गावांनी हा प्रपंच सोसला. नेर्ली-तामगावचा नेहमीचा रस्ता धावपट्टीच्या वाटेत आला. ज्याला विमानात कधी बसावयाचे नाही त्याला दुधाची किटली घेऊन लांबच्या वाटेने जावे लागले. मोबदल्याचा दर किती, पर्यायी रस्ता कधी, घर वाढवावयास परवानगी कोणाकडे मागावयाची, हे त्या गावांचे प्रश्न आहेत, आणि शहरातल्या आम्ही लोकांनी त्यांना 'विकासाला विरोध' म्हणून झटकून टाकणे अन्यायाचे आहे. राजाराम महाराजांना माळ मिळाला. आजच्या सरकारला त्या माळाभोवती वसलेली माणसे मिळाली आहेत.

याच दुखण्याचे दुसरे रूप शेजारच्या सोलापुरात दिसले. तेथील विमानतळ होटगी रस्त्यावर, आणि जवळच सिद्धेश्वर सहकारी साखर कारखाना. कारखान्याच्या वीजनिर्मितीसाठी उभारलेली सुमारे 90 मीटर उंचीची चिमणी विमानाच्या वाटेत येते असे ठरले. चिमणी हवी की विमान हवे, या प्रश्नावर सोलापूरकर वर्षानुवर्षे भांडले, न्यायालयापर्यंत गेले. चिमणीच्या बाजूने हजारो ऊस उत्पादक होते, विमानाच्या बाजूने व्यापारी व तरुण मंडळी. 15 जून 2023 रोजी चिमणी पाडण्यात आली. विमानतळाचे उद्घाटन 29 सप्टेंबर 2024 रोजी झाले आणि गोव्याचे पहिले विमान 9 जून 2025 रोजी उडाले. चिमणी पडल्यापासून विमान उडेपर्यंत जवळजवळ दोन वर्षे गेली. साखर कारखाने आमच्याकडेही आहेत, म्हणून हा वृत्तान्त येथे सांगितला.

राहिला पाऊस. 2019 च्या ऑगस्टात आणि 2021 च्या जुलैत पंचगंगेने शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग बंद पाडला, हे आपणां सर्वांस आठवत असेल. अशा वेळी विमानतळाची आठवण होते. परंतु ज्या विमानतळावर वैमानिकाला केवळ डोळ्यांच्या भरवशावर उतरावे लागते, तेथे पाच किलोमीटरपर्यंत स्वच्छ दिसणे आवश्यक असते, आणि पूर येतो तो नेमका ढग खाली टेकलेले असताना. म्हणजे रस्ता बुडतो त्या दिवसांत विमानही बिचकते. धावपट्टीची लांबी, नवे दालन, रंगरंगोटी यांवर वर्तमानपत्रांत पुष्कळ लिहिले जाते. उतरण्यास मदत करणारी यंत्रे, धावपट्टीवरील दिवे आणि हवामानाचा नोंदणी-विभाग यांवर मात्र कोणी अग्रलेख लिहीत नाही. आमच्या मते कोल्हापूरसारख्या पावसाच्या गावात यंत्रांचा मान दालनाच्या आधी.

नवे दालन मात्र देखणे झाले आहे. 10 मार्च 2024 रोजी त्याचे उद्घाटन झाले. त्याच दिवशी पुण्याच्या नव्या दालनाचेही झाले. काळ्या दगडाचा भास देणाऱ्या भिंती आणि जुन्या वाड्यांची आठवण देणाऱ्या कमानी त्याला आहेत. बाहेरून येणाऱ्याला आपण कोठे उतरलो हे कळावे, असा त्यामागील हेतू दिसतो, आणि तो चांगला आहे. देशातील बहुतेक विमानतळ काचेचे असून एकाच साच्यातून काढल्यासारखे दिसतात.

विमानतळाला छत्रपती राजाराम महाराजांचे नाव द्यावे असा प्रस्ताव राज्याने केंद्राकडे केला. उजळाईवाडीच्या दारावर ते नाव असण्यात कोणाचे दुमत असण्याचे कारण नाही. आम्हांला त्या दालनात आणखी एक गोष्ट पाहावयास आवडेल. 1939 चा माळ, 1370 मीटरची पट्टी, 1930 मीटरची पट्टी आणि प्रत्येक वेळी ज्या गावांची जमीन तीत गेली त्यांची नावे, असा एक साधा नकाशा तेथे भिंतीवर लावावा. विमानाला उशीर झाला की उतारूंना तो वाचावयास भरपूर वेळ मिळेल.